यादीची दुसरी प्रत

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कॉम्प्युटरमध्ये नक्की काय करतेस ते सांग. पण आम्हाला कळेल असं सांग." माझी आई गेली वीस वर्षं हेच म्हणते आहे. तिला मी एकदा सांगून पाहिलं की मी डिरेक्टरी सर्व्हरचं रेप्लिकेशन करते. ती म्हणाली, "बरं. जेवलीस का?"

म्हणून आज सोपं सांगते. मी याद्या सांभाळते. कंपनीत कोण कोण आहे, कोणाचं खातं कुठलं, कोणाला कुठलं दार उघडतं, कोण सोडून गेलं, याची यादी. सकाळी तुम्ही ऑफिसात पासवर्ड टाकता तेव्हा समोरचं यंत्र त्या यादीला विचारतं, "हे आपल्यातले का?" यादी हो म्हणाली तर तुम्ही आत. यादीच सापडली नाही तर साहेबसुद्धा बाहेर.

आपल्याला डिरेक्टरी म्हटलं की एमटीएनएलचा तो जाडजूड पिवळट ग्रंथ आठवतो. आमच्याकडे तो फोनखाली ठेवलेला असायचा. पण माझ्या कामाशी जास्त जुळणारी वस्तू आपल्या शाळेच्या कार्यालयात होती. जनरल रजिस्टर. आपण शाळेत आलो त्या दिवशी त्यात आपली ओळ लिहिली गेली आणि एक नंबर मिळाला. आपल्या वर्गात एकाच नावाआडनावाच्या दोघी होत्या. हजेरीला बाई 'मोठी' आणि 'छोटी' म्हणायच्या. रजिस्टरला त्याची गरज नव्हती, कारण दोघींचे नंबर वेगळे होते. आपण शाळा सोडली तेव्हा ती ओळ कोणी खोडली नाही. शेवटच्या रकान्यात तारीख आणि कारण लिहिलं आणि दाखला दिला. संगणकातल्या याद्याही थोड्याफार अशाच चालतात, आणि त्या रजिस्टरातला हा शेवटचा रकाना लक्षात ठेवा. मी परत त्याच्याकडे येणार आहे.

अशा यादीशी यंत्रांनी कसं बोलायचं याची एक ठरलेली भाषा आहे. तिचं नाव एलडॅप. मिशिगन विद्यापीठातल्या टिम होव्झ यांनी सहकाऱ्यांबरोबर ती घडवली आणि १९९३ मध्ये तिचं पहिलं लेखी प्रमाण प्रसिद्ध झालं. आपण तेव्हा चड्डी आणि पिनाफोरमध्ये होतो.

आता मुद्दा असा की एवढी महत्त्वाची यादी एकाच जागी ठेवून चालत नाही. दुसरी प्रत हवी. प्रत म्हटल्यावर बाई, तुमचा कार्बन पेपर आठवला. निकालपत्रकं लिहिताना तुम्ही खाली कार्बन घालायचात. त्या घटकेला दोन्ही कागद सारखे. पण पंधरा दिवसांनी वरच्या कागदावर कोणाचे गुण दुरुस्त केले, तर खालच्या कागदाला त्याचा पत्ता नसतो. बॅकअप म्हणतात तो असा, त्या त्या दिवसाचा. रेप्लिकेशन वेगळं. त्यात दोन्ही कागद जिवंत असतात. एकावर खाडाखोड झाली की ती आपोआप दुसऱ्यावर जाऊन पोचते. निदान पोचायला हवी.

ही 'निदान पोचायला हवी' मी कुठे शिकले, ते सांगते.

२६ जुलै २००५, मंगळवार. इथल्या कोणालाही तो दिवस समजावून सांगायची गरज नाही. वाकोला नाला कुठे संपतो आणि रस्ता कुठे सुरू होतो हे संध्याकाळी कळत नव्हतं. नाल्याचं पाणी मिठी नदीला जातं, आणि मिठीलाच जागा उरली नव्हती. मिलन सबवे तर एरवीच्या पावसातही भरतो. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आणि त्याच चोवीस तासांत, याच मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत किती? सुमारे ७३. फोर्टमधली माणसं छत्री मिटून लोकलला गेली आणि लोकल बंद का, म्हणून विचारत बसली.

मी तेव्हा पंचविशीची, कलिन्याकडच्या एका कंपनीत नोकरीला. नाव सांगत नाही, आणि चूक माझी असल्यामुळे सांगायची गरजही नाही. आमचा सर्व्हर तळमजल्यावर होता. त्या काळी सगळ्यांचेच असायचे, कारण यंत्रं जड आणि तळमजल्याला फरशी भक्कम. त्या रात्री तो पाण्याखाली गेला. त्यावर पावणेदोनशे माणसांची यादी होती.

पण मला काळजी नव्हती. मे महिन्यात मीच फोर्टच्या शाखेत दुसरा सर्व्हर बसवून आले होते. हाताने सेटिंगच्या ओळी लिहिल्या, दोन्ही यंत्रांचा करार केला, पहिली प्रत पाठवली, ती पोचली हे डोळ्यांनी पाहिलं आणि साहेबांना 'काम पूर्ण' अशी मेल केली. फोर्टला पाऊस नाही म्हणजे आपली यादी कोरडी, या समाधानात मी दोन दिवस घरातला चिखल काढला.

शुक्रवारी फोर्टला पोचले आणि तिथली यादी मुख्य म्हणून चालू केली. अर्ध्या तासात फोन सुरू झाले. जूनमध्ये लागलेल्या कोणालाच आत जाता येत नव्हतं. यादीत ती माणसं नव्हतीच. उलट जूनमध्ये सोडून गेलेल्यांची खाती चालू होती. त्यातला एक तर आता दुसऱ्या कंपनीत, आमच्याच धंद्यात होता. फोर्टची यादी जूनच्या सुरुवातीलाच थांबली होती.

कारण फार किरकोळ निघालं. दोन सर्व्हरमध्ये बदल पोचवण्यासाठी एक वेगळं खातं असतं. पोस्टमनच म्हणा. कंपनीत नियम होता की प्रत्येक पासवर्डची मुदत संपते. माणसांसाठी केलेला तो नियम पोस्टमनलाही लागला. त्याची मुदत संपली आणि दार उघडेना. कलिन्याचा सर्व्हर दर थोड्या वेळाने त्याच्या नोंदवहीत लिहीत होता: चूक क्रमांक ४९, ओळख पटत नाही. चूक क्रमांक ४९. सात-आठ आठवडे तो हे लिहीत राहिला. वाचायचं काम माझं होतं.

साहेबांनी दोनच प्रश्न विचारले. "दुसरी प्रत केली होतीस ना?" मी म्हटलं, हो. "नंतर उघडून बघितली होतीस?"

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कलिन्याच्या काही भागांत कित्येक दिवस वीज आली नव्हती. ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावरच्या कपाटात हजेरीचं कागदी मस्टर कोरडं होतं. ते आणून, शेजारी ठेवून, मी दोन रात्री एकेक नाव हाताने भरलं आणि एकेक गेलेलं नाव काढलं. म्हणजे शेवटी कंपनी वाचली ती कागदाने.

आता हे काम नीट कसं करतात ते सांगते. घाबरू नका, परीक्षा नाही.

मी सध्या ज्यावर काम करते त्याचं नाव ३८९ डिरेक्टरी सर्व्हर. एलडॅपची बोलणी ज्या ठरलेल्या पोर्टवर चालतात त्याचा हा आकडा. सॉफ्टवेअर मूळ नेटस्केपचं. २००४ मध्ये ते रेड हॅटने विकत घेतलं, २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं, २००९ मध्ये त्याला हे नाव मिळालं. ते चालवायला चित्रांचा पडदाही आहे, पण मी काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करते. मुलं हसतात. त्याचं कारण साधं आहे. उंदराने कुठे कुठे टिचक्या मारल्या ते दुसऱ्या दिवशी आठवत नाही. टाइप केलेली ओळ मात्र वहीत उतरवता येते, दुसऱ्या यंत्रावर जशीच्या तशी देता येते, आणि रात्री दोन वाजता नवख्या मुलाला फोनवर वाचून दाखवता येते.

समजा, आपल्याला एक प्रत वाकोल्यात आणि एक नाशिकला ठेवायची आहे. आधी दोन्हीकडची घड्याळं एक करायची. मग 'डीएसक्रिएट' या आज्ञेने दोन्हीकडे सर्व्हर उभा करायचा. त्यानंतरची जवळजवळ सगळी कामं 'डीएसकॉन्फ' नावाची एकच आज्ञा करते. तिला सांगायचं, वाकोल्यात रेप्लिकेशन चालू कर, याला बदल स्वीकारण्याचा आणि पाठवण्याचा अधिकार दे, आणि याचा क्रमांक १. नाशिकला तेच, पण क्रमांक २. हा क्रमांक १ पासून ६५५३४ पर्यंत कुठलाही चालतो, फक्त दोघांना एकच देऊन चालत नाही. कारण यापुढे प्रत्येक बदलावर शिक्का बसणार: किती वाजता, कितवा बदल, कुठल्या क्रमांकाच्या सर्व्हरवर. दोघांचा शिक्का सारखा झाला तर कोणी काय लिहिलं हे कधीच कळणार नाही.

मग तो पोस्टमन नेमायचा. तो वेगळा हवा, मुख्य अधिकाऱ्याचंच खातं त्याला वापरायला द्यायचं नाही. आणि त्याच्या पासवर्डला मुदतीचा नियम लागू होत नाही, हे बघायचं. माझ्या वहीत ही ओळ लाल शाईने आहे.

मग करार. वाकोल्याने नाशिकला बदल द्यायचे, अमुक पत्त्यावर, ६३६ या बंदोबस्ताच्या पोर्टवर, अमुक पोस्टमनच्या हस्ते. करार एकतर्फी असतो, म्हणून दोन्ही बाजूंनी वेगवेगळा करावा लागतो.

आणि मग येते ती पायरी, जिथे माझा हात आजही क्षणभर थांबतो. पहिली भरणी. करार झाला तरी नाशिकची वही कोरी असते. वाकोल्याची सगळी यादी एकदा तिकडे ओतावी लागते. ओतताना समोरच्या वहीत जे असेल ते पुसलं जातं आणि इकडचं जसंच्या तसं तिकडे बसतं. म्हणून ही आज्ञा फक्त भरलेल्या बाजूने रिकाम्या बाजूला द्यायची. उलटा करार करताना ती द्यायची नाही. नाशिककडून वाकोल्याला चुकून दिलीत, तर कोरी वही भरलेल्या वहीवर ओतली जाते. यंत्र कुरकुर करत नाही. तुम्ही सांगितलं, त्याने केलं. पावणेदोनशे माणसं दोन सेकंदांत नाहीशी. म्हणून एंटर दाबण्याआधी मी ओळ मोठ्याने वाचते. "कोणाकडून? कोणाकडे?" माझ्या शेजारी बसणारा मुलगा म्हणतो, मॅडम आरती म्हणतायत.

भरणी झाली की यंत्र सांगतं, यशस्वी. २००५ मध्ये मी इथेच उठून घरी गेले होते. आता नाही जात. वाकोल्यात एक खोटी नोंद घालते, नाव 'चाचणी'. मग नाशिकला 'एलडॅपसर्च' करून शोधते. सापडली की नाशिकलाच तिचा फोन नंबर बदलते आणि वाकोल्यात येऊन बघते. मग ती काढून टाकते आणि दोन्हीकडून गेली का ते पाहते. घालणं, बदलणं, काढणं, तिन्ही. दोन याद्या समोरासमोर ठेवून फरक दाखवणारी आज्ञाही आहे, ती अधूनमधून चालवते. आणि करारांची स्थिती रोज सकाळी आपोआप माझ्या मेलमध्ये येते. पोस्टमन आज पोचला का, एवढंच. ती मेल आली नाही तर चहा नंतर.

आता गमतीची गोष्ट. दोन्ही वह्या जिवंत असल्यामुळे भांडणं होतात. समजा, मधली लाइन तुटली आणि एकाच माणसाचा नंबर दोन्हीकडे वेगवेगळा बदलला. लाइन जुळल्यावर ज्या बदलाची वेळ नंतरची, तो राहतो. म्हणून ती घड्याळं. पण दोन्हीकडे एकाच नावाची नवी नोंद झाली तर? मग यंत्र नंतरच्या नोंदीच्या नावाला तिचा स्वतःचा नंबर जोडून बाजूला ठेवतं आणि 'वाद' अशी खूण करतं. ही 'मोठी' आणि 'छोटी' आहे, की एकच मुलगी दोनदा लिहिली गेली, हे त्याला कळत नाही. ते माणसानेच बघायचं.

आणि काढून टाकलेल्या नोंदीचं काय? मला या सगळ्यात सर्वांत शहाणपणाची वाटते ती ही गोष्ट. यंत्र ती लगेच पुसत नाही. ती यादीतून दिसेनाशी करतं, पण 'ही नोंद अमुक वेळी काढली' अशी खूण काही काळ जपून ठेवतं. एरवी सांगितलं नाही तर सात दिवस. इंग्रजीत त्या खुणेला जो शब्द आहे त्याचा अर्थ थडग्यावरचा दगड. असं का करतं? कारण नुसतं पुसलं तर रिकामी जागा काहीच बोलत नाही. दुसरा सर्व्हर विचारेल, "माझ्याकडे हे नाव आहे, तुझ्याकडे नाही. तुला द्यायचं राहिलं की काय?" आणि गेलेलं नाव परत येईल. खूण असली की उत्तर मिळतं: राहिलेलं नाही, गेलेलं आहे.

हे मी तुम्हाला का सांगते आहे?

या मेळाव्यासाठी आपण वर्गाची यादी केली. मूळ स्लॅमबुकं, त्यातले सात आकडी नंबर, त्यांच्या आधी २ लावून पाहिले. कोणाच्या डायरीतून, कोणाच्या एक्सेलमधून, कोणाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून. सगळ्या याद्या एकत्र केल्या आणि फोन करायला नावं वाटून घेतली. माझ्या वाट्याला आलेल्या नावांत आपला एक वर्गमित्र होता. लँडलाइन होता, लागला. त्याच्या आईने उचलला. मी उत्साहाने नाव सांगितलं, मेळाव्याची तारीख सांगितली, म्हटलं, "काकू, त्याला द्या ना फोन."

काकू थोड्या थांबल्या. म्हणाल्या, "तो गेला गं. चार वर्षं झाली."

मला काय बोलावं सुचेना. त्यांनीच सावरून घेतलं. मी कोण, कुठे राहायचे, कुठल्या बाकावर बसायचे, विचारत राहिल्या. म्हणाल्या, "शाळेतून कोणाचा फोन आला, बरं वाटलं." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तिथेच बसून होते.

नंतर कळलं की आपल्यातल्या दोघांना हे माहीत होतं. एकाने तर त्याच्या यादीतून नाव काढलंही होतं. वाईट वाटून, हलक्या हाताने, ती ओळ पुसली होती. पण दुसऱ्याच्या जुन्या एक्सेलमध्ये ते होतं. दोन्ही याद्या जोडल्या तेव्हा यादी म्हणाली, हे राहिलंय वाटतं, आणि ते नाव परत आलं. आणि ती जोडणी केली कोणी? मी. वीस वर्षं मी हेच काम करते.

म्हणून माझी सगळ्यांना विनंती आहे. या स्मरणिकेच्या शेवटी आपली यादी छापली जाईल. छापली त्या दिवशीच ती जुनी व्हायला लागेल. तिच्या दोन जिवंत प्रती ठेवू. एक इथे वाकोल्यात राहणाऱ्या कोणाकडे आणि एक बाहेरगावी. दोन्ही एकाच इमारतीत नकोत. शेजारी बीकेसीत राष्ट्रीय शेअर बाजार आहे, त्यांनीही पर्यायी केंद्र चेन्नईला ठेवलं आहे. नंबर बदलला तर तारखेसकट कळवा, म्हणजे दोघांत फरक पडला तर नंतरचा कुठला ते समजेल. वर्षातून एकदा, जून महिन्यात शाळा सुरू होते तेव्हा, दोघांनी फोनवर बसून याद्या ताडून बघाव्यात. आणि नुसत्या ताडू नका, पाच-दहा नंबर लावूनही बघा.

आणि जे गेले, त्यांची ओळ पुसू नका. शाळेने आपल्या कोणाची ओळ पुसली नाही. शेवटचा रकाना भरा. नाव राहू द्या, पुढे तारीख लिहा. म्हणजे पुढच्या मेळाव्याला कोणत्याही आईला माझ्यासारखा फोन जाणार नाही. आणि तिला फोन करायचाच असेल, तर माहीत असूनही करता येईल.

मी त्या काकूंना परवा पुन्हा फोन केला होता. त्यांना आज यायला जमलं नाही. पण त्यांनी विचारलं आहे की स्मरणिकेत त्याचं नाव असेल का. मी सांगितलं, आहे. दोन्ही प्रतींत मी स्वतः उघडून बघितलं आहे.